सिएटलच्या बागेतलं जातं

आई अंबाजोगाईहून सिएटलला आली, पण मॉलमध्ये काही तिचा जीव रमेना. मग एका संध्याकाळी तिला घराजवळच्या व्हॉलंटिअर पार्कात नेलं.

तिथं उंचवट्यावर काळ्या दगडाचं एक भलंमोठं कडं उभं आहे. नाव 'ब्लॅक सन', म्हणजे काळा सूर्य. इसामू नोगुची या शिल्पकाराचं १९६९ सालचं काम. उंची सुमारे ९ फूट. नोगुचींचे वडील जपानी, आई अमेरिकन. आणि दगडाचंही तसंच, ग्रॅनाइट ब्राझीलचा, घडवला जपानच्या शिकोकू बेटावर, उभा राहिला इथं. मधल्या भोकातून लांबवरची स्पेस नीडल, म्हणजे शहरातला तो उंच मनोरा, दिसते, म्हणून फोटोसाठी कायम कुणी ना कुणी थांबलेलं असतं.

तीन वर्षं मी त्याच्याजवळून जातोय. दर वेळी तेच डोक्यात यायचं : हे नेमकं कशाचं आहे?

आईनं काही विचारलं नाही. पदराला हात पुसला आणि तळवा दगडावर टेकवला. फुगवट्यावरून खळग्यात, खळग्यातून भोकाच्या काठापर्यंत हात सावकाश फिरवत नेला. "इकडून गारंय, उन्हाच्या अंगानं कसं ऊन लागतंय बघ," म्हणाली. मग जरा मागं सरून पाहिलं. "ही तर जात्याची तळी हाय रं. खुंटा तेवढा नाही."

मला एकदम गलबलून आलं. आपल्या शिवेवरच्या म्हसोबाला कुठं नाक-डोळे असतात? नुसता तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, वर शेंदराचे थरावर थर. तो कशासारखा दिसतो, असं लहानपणी मी कधी कुणाला विचारलं नाही. वेरूळला कैलास लेण्यात तर मी भिंतीला हात लावून लावूनच फिरलो होतो, छिन्नीचे घाव बोटांना लागायचे. इथं आल्यावर मात्र शिल्पाला अर्थ लागलाच पाहिजे, हे मी कुठून शिकलो कोण जाणे. दगड कळायला आधी हात लागतो, हे आईला सांगावं लागलं नाही.

परत जाईपर्यंत ती रोज तिथं जायची. एकदा एक जपानी आजीबाई शेजारी येऊन बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईनं हातानं दळायची खूण केली, तशा त्या हसल्या आणि त्यांनीही तसाच हात गोल फिरवला.

परवा भावानं फोटो पाठवला. आमच्या जात्याची वरची तळी कित्येक वर्षं नळाखाली कपडे आपटायला पडून होती. आईनं ती घासून-पुसून ओसरीत भिंतीला टेकवून उभी केली आहे. जात्याला छिन्नीनं टाकी लावणारा कुणी गावात येतो का, याची आता ती चौकशी करत असते.