सुटताना थरथरणारी स्कूटर आणि एका ओ-रिंगचा शोध

सिग्नल सुटला की माझी स्कूटर आधी थरथरायची आणि मग पुढे जायची. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, जिथे थांबावं तिथे तेच. पाय ठेवायची जागा डगडगायची, मागच्या क्रेटमधले डबे एकमेकांवर आपटायचे आणि आमटीची झाकणं गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत ओघळलेली असायची. वर्तकनगरहून कासारवडवलीपर्यंत मी रोज दुपारी ३६ डबे पोचवते. घोडबंदर रोडच्या गर्दीत एका फेरीत किती वेळा थांबावं लागतं हे ठाण्यातल्या कुणालाही सांगायला नको. एकदा वेग २० च्या वर गेला की मात्र गाडी अगदी शांत चालायची. या गोष्टीकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

गॅरेजवाल्याने ऐकल्या ऐकल्या सांगितलं, क्लच गेला. गाडी ३१,००० किलोमीटर चाललेली, त्यामुळे मला ते पटलं. क्लच शू आणि बेल्ट दोन्ही बदलले, साडेतीन हजार दिले. सात-आठ आठवडे गाडी छान चालली. मग एका दुपारी कापूरबावडीला पुन्हा तीच थरथर. परत गेले तर म्हणाला, आता आख्खी क्लच असेंब्ली बदलू. साडेतीन हजारांचं काम दोन महिन्यांत कसं गेलं, हे तो सांगू शकला नाही. पैसे देण्याआधी मला ते कळायला हवं होतं.

माझा भाचा कॅनडात अल्बर्टामध्ये असतो. हिवाळ्यात तो बर्फावर चालणाऱ्या गाड्या, स्नोमोबाइल, दुरुस्त करतो. त्या गाड्यांचा आणि माझ्या स्कूटरचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. सहज बोलता बोलता रडगाणं गायले, तर त्याने एकच विचारलं, "मावशी, थंड असताना जास्त थरथरते की गरम झाल्यावर?"

मी आठवून पाहिलं. वर्तकनगरातून निघाल्यावर पहिले दोन सिग्नल काहीच होत नव्हतं. खरा त्रास मानपाड्यापासून सुरू व्हायचा आणि वाघबीळपर्यंत वाढत जायचा. तो म्हणाला, "मग आत काहीतरी वितळून पसरतंय. शू बदलायच्या आधी ते कुठून येतंय ते बघ."

त्या रात्री त्याने व्हिडिओ कॉलवर त्यांच्या दुकानातली उघडी गाडी दाखवली. पुढे एक पुली, मागे एक पुली, मध्ये रुंद रबरी बेल्ट. माझ्या स्कूटरमध्येही हेच आहे. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ साली आपल्या छोट्या मोटारीत जी बेल्टची रचना आणली, तिच्याच जातकुळीतलं हे सगळं. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीत तो तेवढाच खाली उतरतो. गिअर बदलण्याचं काम असं आपोआप होतं. फरक आहे तो क्लचमध्ये. स्नोमोबाइलमध्ये वेगळा क्लच नसतो. इंजिन नुसतं चालू असताना बेल्ट पुढच्या पुलीत सैल पडलेला असतो आणि मिनिटाला साधारण तीन-चार हजार फेऱ्यांना थाळ्या त्याला पकडतात. म्हणून तिथे सुटताना झटका बसला की आधी बेल्ट आणि पुल्या बघतात. आपल्या स्कूटरमध्ये बेल्ट कायम पकडीत असतो आणि मागे तीन शूंचा निराळा क्लच असतो. वेग वाढला की हे शू बाहेर पसरून वाटीसारख्या बेलला आतून घट्ट धरतात. एकदा धरलं की ते घसरत नाहीत.

तेव्हा त्या २० च्या वेगाचा अर्थ लागला. दोष बेल्टमध्ये किंवा व्हेरिएटरमध्ये, म्हणजे त्या पुढच्या पुलीत, असता तर तो पुढेही कुठेतरी जाणवला असता. फक्त सुटताना थरथर, म्हणजे शू आणि बेल यांच्यामध्येच काहीतरी होतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं फिटर होते. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये वर्तमानपत्रं अंथरून आम्ही गाडी डबल स्टँडवर घेतली. डाव्या बाजूच्या कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. काकांनी एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवायला लावला. ही युक्ती मला सगळ्यात आवडली, कारण लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर आटा जातो. आतली काळी भुकटी फुंकू नकोस, नाकाला रुमाल बांध आणि ओल्या फडक्याने पूस, असंही त्यांनी बजावलं. ती क्लचच्या अस्तराची धूळ असते, छातीत जायला नको.

मधला नट सोडवताना पुली फिरते. बरेच जण पुलीच्या पात्यांमध्ये स्क्रू ड्रायव्हर अडकवतात आणि पाती तुटतात. काकांकडे पट्टीला दोन खुंट्या मारून केलेला होल्डर होता. मागचा नट निघाला, बेल हातात आली. तिच्या आतल्या कडेला निळसर डाग होते, म्हणजे ती चांगलीच तापलेली होती. आणि त्या डागांच्या बाजूने चकचकीत काळा थर. बोट फिरवलं तर बोट चिकट झालं. वास घेतला, तो गिअर ऑइलचा नव्हता. ग्रीस होतं.

गिअर ऑइल असतं तर मागच्या शाफ्टचं सील गळतंय असं म्हणता आलं असतं. ग्रीस मात्र या भागात एकाच ठिकाणी असतं. मागच्या पुलीची एक थाळी सरकती असते. तिच्या नळीला तिरक्या खाचा असतात आणि त्या खाचांमधून खुंट्या फिरतात. चढावर भार पडला की ही थाळी किंचित फिरून बेल्टला आवळते. त्या खुंट्यांना ग्रीस लागतं आणि ते बाहेर येऊ नये म्हणून सील आणि दोन रबरी ओ-रिंगा असतात. आमच्या गाडीत एक ओ-रिंग अख्खी होती. दुसरी एका जागी कापली गेली होती, बसवताना खाचेच्या धारेवर घासून कापावी तशी. आत ग्रीसही ठासून भरलेलं. गाडी तापली की ते पातळ व्हायचं, फिरण्याच्या जोराने बाहेर फेकलं जायचं आणि थेट शूंवर जायचं. नवे शू दोन महिन्यांत का गेले ते त्या एका कापलेल्या रिंगेने सांगितलं. काका बराच वेळ ती हातात धरून बसले होते. म्हणाले, "अगं, खाचेवरून ढकलताना जरा ग्रीस लावून हळू नेली असती तर कापली नसती."

मागची पुली सुटी करताना एक धोका आहे. क्लचखाली मोठी स्प्रिंग दाबलेली असते. नट काढला की सगळं तोंडावर उडू शकतं. आम्ही क्लॅम्प लावून स्प्रिंग धरून ठेवली आणि मगच नट काढला. घरी एकट्याने हा भाग कुणीही करू नये असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या व्हेरिएटरमधले सहा रोलरही, म्हणजे बाहेर फेकली जाणारी ती वजनं, बघितले. गॅरेजवाल्याने ते बदललेच नव्हते. दोन रोलर एका बाजूने घासून चपटे झालेले. त्याने थरथर होत नाही, पण गाडी वेग पकडताना अडखळते, म्हणून सहाही बदलले. हे रोलर कोरडेच बसवायचे असतात. तेल-ग्रीस काही नाही.

बेल्ट नवाच होता, फक्त कडेला ग्रीसचा हात लागलेला. भाच्याने सांगितल्याप्रमाणे कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन रात्रभर सावलीत वाळवला. पेट्रोलने बेल्ट धुऊ नये, रबर बिघडतं. शू मात्र वाचवता आले नाहीत. पॉलिश पेपरने घासले, ब्रेक क्लीनर मारला, पण ग्रीस अस्तरात मुरलेलं होतं. नवे घेतले. बेल आडव्या दिशेने हलक्या हाताने घासून पुसली, निळे डाग नुसते वरवरचे होते. ओ-रिंगा आणि सील दोनशेच्या आत मिळाले.

बसवताना शेवटची गोष्ट भाच्याने फोनवर पुन्हा पुन्हा सांगितली. बेल्ट आधी मागच्या पुलीच्या थाळ्या फाकवून पूर्ण आत दाबायचा, म्हणजे पुढे तो ढिला पडतो. मग पुढची थाळी आणि नट बसवायचा. बेल्ट पुढे ताणलेला राहिला तर थाळी बेल्टवरच अडकते. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो पण प्रत्यक्षात थाळी सैल असते आणि आटे खाते. बेल्टवरचा बाणही फिरण्याच्या दिशेला आहे का ते पाहिलं.

सोमवारी ३६ डबे घेऊन निघाले. मानपाड्याचा सिग्नल गेला, पातलीपाडा गेला. वाघबीळला गाडी चांगलीच तापलेली होती आणि समोर बस उभी असल्यामुळे तीनदा सुटून तीनदा थांबावं लागलं. तिन्ही वेळा ती नुसती पुढे गेली. कासारवडवलीच्या पहिल्या दारात मी आमटीच्या डब्याच्या झाकणावर बोट फिरवलं. कोरडं होतं.

२,००० किलोमीटर झाल्यावर गेल्या रविवारी पुन्हा कव्हर उघडलं. या वेळी पुठ्ठा मीच कापला. मागच्या पुलीच्या मागून बोट फिरवलं, बेलच्या कडेवरून फिरवलं. थोडी काळी भुकटी, बाकी काही नाही. काकांना खाली बोलावलं आणि बोट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं, मान हलवली आणि बोल्टांचा पुठ्ठा माझ्या हातात दिला.