ट्रॅशर्सचं गाव डॅनबरी

भाचा अमेरिकेत कनेक्टिकटला असतो, डॅनबरी नावाच्या गावापासून जवळच. फेब्रुवारीत तिकडं गेलो तेव्हा फोनवर म्हणाला, मामा, न्यूयॉर्क तर तुम्ही बघालच, नायगारा या थंडीत नको, अजून काय बघायचंय ते सांगा, मी सुट्टी टाकतो. मी म्हटलं, मला डॅनबरीचं आइस रिंक बघायचंय. तो गप्पच झाला. सहा वर्षं तिथं राहतोय आणि एकदाही आत गेला नव्हता.

आता कोल्हापूरच्या माणसाला बर्फावरच्या हॉकीचं काय पडलंय, असं तुम्हालाही वाटेल. तर झालं असं की २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर एक डॉक्युमेंटरी आली, डॅनबरी ट्रॅशर्स नावाच्या आइस हॉकी टीमवर, याच रिंकवर दोनच सीझन खेळलेली टीम, २००४ ते २००६. मी ती रात्री बघितली आणि दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर परत बघितली. कारण त्यातलं पब्लिक मला ओळखीचं वाटलं. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या दोन तालमींची फुटबॉल मॅच असली की पेठेतली दुकानं अर्धं शटर ओढून पोरं, बापं, आजोबं सगळी गॅलरीत, आणि ज्याला ईर्षा म्हणतात ती काय असते ते तिथं कळतं. तसंच पब्लिक होतं ते, फक्त अंगात जाड जाकिटं.

न्यूयॉर्कहून ट्रेननंच गेलो. ग्रँड सेंट्रलवरनं मेट्रो-नॉर्थची गाडी, साउथ नॉरवॉकला उतरून बदलायची, आणि मग डॅनबरी ब्रँचची डिझेल गाडी. ही लाईन बहुतेक सगळी एकेरीच आहे, आणि गाडी झाडीतनं, ओढ्याच्या कडंनं, लोकांच्या परसातनं जाते, विल्टन, ब्रँचव्हिल, रेडिंग, बेथेल अशी छोटी छोटी स्टेशनं. ओढ्यावर कडेला बर्फ धरलेला आणि मधनं काळं पाणी वाहतंय. डब्यात मी धरून सात-आठ माणसं असतील. दोन तासांच्या वर लागले पण मला कंटाळा आला नाही, मिरजेहून कोल्हापूरला पॅसेंजरनं येतानाची आठवण येत होती.

डॅनबरीत उतरलात की जुनं युनियन स्टेशन जवळच आहे, तिथं आता रेल्वे म्युझियम आहे. गावाची ओळख मात्र टोपीची. आपल्याकडं कोल्हापूर म्हटलं की चप्पल तसं तिकडं डॅनबरी म्हटलं की हॅट, हॅट सिटीच म्हणतात त्याला. अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेला धंदा, आणि १८८७ च्या सुमाराला ३० कारखाने मिळून वर्षाला ५० लाख टोप्या काढत होते. लोकर-फर जमवून फेल्ट करताना पाऱ्याचं रसायन वापरायचे, त्यानं कामगारांचे हातपाय थरथरायला लागायचे, त्या आजाराला नावच पडलं होतं डॅनबरी शेक्स. पुढं लोकांनी टोप्या घालायचंच सोडलं आणि कारखाने गेले. एका धंद्यावर उभं राहिलेलं गाव तो धंदा गेल्यावर कसं दिसतं ते इचलकरंजी बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. हे सगळं सांगतोय कारण ट्रॅशर्स आली ती अशा गावात, जिथं हे आमचं म्हणून दाखवण्यासारखं लोकांकडं फारसं राहिलं नव्हतं.

टीमचा मालक जेम्स गॅलांटी, डॅनबरीचा कचरा उचलणारा मोठा ठेकेदार. कंपनीचं नाव ऑटोमेटेड वेस्ट डिस्पोजल. त्यानं २००४ मध्ये युनायटेड हॉकी लीगमधली टीम घेतली आणि चालवायला दिली कुणाला, तर स्वतःच्या पोराला, ए. जे. गॅलांटीला. वय वर्षं १७. प्रेसिडेंट आणि जनरल मॅनेजर. सतरा वर्षांचं पोरगं फोन उचलून तिशीतल्या खेळाडूंशी पगाराची बोलणी करतंय हे मला अजून डोळ्यांसमोर येतं. बापाचा धंदा कचऱ्याचा म्हणून नाव ट्रॅशर्स, लोगोत कचऱ्याचा डबा आणि हॉकी स्टिक. गावातल्या काही लोकांना हे नाव कमीपणाचं वाटलं म्हणे. मला तर उलट त्यात धमक वाटली, ज्या कामावर घर चालतं त्याचं नाव छातीवर लावायचं.

पोराला कुस्ती आवडायची, टीव्हीवरची ती डब्ल्यूडब्ल्यूई, आणि त्याला टीम हवी होती ती त्यातल्या व्हिलनसारखी, दुसऱ्या गावात गेली की अख्खं स्टेडियम शिव्या देणार अशी. म्हणून त्यानं मारामारी करणारे गडी निवडून निवडून घेतले. हॉकीत हा प्रकार उघड चालतो हे मला आधी माहीतच नव्हतं. दोन खेळाडू हातमोजे बर्फावर टाकतात, एकमेकांची जर्सी धरतात आणि ठोसे सुरू, रेफ्री बाजूला उभे राहतात आणि कुणी खाली पडलं की मगच मध्ये जातात. मग दोघांना पाच-पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये. ब्रॅड विंगफिल्ड, रुमुन एन्डुर, जॉन मिरास्टी अशी एक से एक माणसं होती.

पण नुसते पैलवान नव्हते हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर त्या टीमवर अन्याय होतो. २००४-०५ ला एनएचएल, म्हणजे तिकडची सगळ्यात वरची लीग, मालक आणि खेळाडूंच्या भांडणात अख्खा सीझन बंद पडली. मोठे खेळाडू रिकामे. त्यातला माइक रप डॅनबरीकडनं खेळला. हा तोच रप ज्यानं २००३ च्या स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलच्या कपाच्या, फायनलच्या सातव्या मॅचमध्ये न्यू जर्सीसाठी विजयी गोल केला होता! विचार करा, आयपीएल फायनलचा हिरो दोनच वर्षांत तुमच्या तालुक्याच्या मैदानावर. ब्रेंट ग्रेट्झकी पण होता, हॉकीतला सगळ्यात मोठा खेळाडू मानतात त्या वेन ग्रेट्झकीचा धाकटा भाऊ. वेनचे एनएचएलमध्ये २८५७ पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) आणि ब्रेंटचे ४, आणि दोघा भावांच्या जोडीत सगळ्यात जास्त पॉइंटचा विक्रम त्यांच्या नावावर, हे मला भाच्याच्या ऑफिसातल्या एका पोरानं सांगितलं आणि मग मी ते सगळ्यांना सांगत सुटलो.

तर रिंक. डॅनबरी आइस अरेना, स्टेशनवरनं चालत पाच-सात मिनिटं. बाहेरनं बघितलं तर गोडाऊन वाटावं अशी इमारत. जेमतेम तीन हजार माणसं बसतील. आत आता डॅनबरी हॅट ट्रिक्स नावाची टीम खेळते, त्यांची शनिवारची मॅच होती. हॅट ट्रिक हा शब्द आपण क्रिकेटवरनं शिकलो आणि तो आलाय पण क्रिकेटमधूनच, १८५८ मध्ये इंग्लंडात सलग तीन विकेट घेणाऱ्याला टोपी दिली तिथनं. हॉकीत एकानं तीन गोल केले की पब्लिक स्वतःच्या टोप्या काढून बर्फावर फेकतं. टोप्यांच्या गावाला यापेक्षा चांगलं नाव मिळणार नाही.

दारातनं आत गेल्या गेल्या पहिलं काय जाणवलं तर वास. ओल्या रबराचा, भिजलेल्या हातमोज्यांचा आणि पॉपकॉर्नचा एकत्र वास, आणि आत बाहेरच्यापेक्षा वेगळी, बुटातनं वर चढणारी थंडी. झाम्बोनी फिरत होती. ते मशीन आधी बर्फाचा वरचा खरवडलेला थर तासून घेतं आणि मागनं गरम पाण्याचा पातळ थर सोडत जातं, गरम पाणी चिरांमध्ये नीट मुरतं आणि गोठलं की आरशासारखं होतं. आपल्याकडं शेणानं अंगण सारवताना बाई मागं मागं सरकत जाते ना, अगदी त्या शिस्तीत, एक पट्टा मग दुसरा पट्टा. मी तेच बघत बसलो, भाचा म्हणाला मामा मॅच अजून सुरू व्हायचीय.

आम्ही मुद्दाम सेक्शन १०२ मधली तिकिटं काढली होती. ट्रॅशर्सच्या वेळी सगळ्यात दंगा करणारं पब्लिक इथं बसायचं, समोरच्या टीमला हैराण करून सोडायचं, आणि टीम जाऊन इतकी वर्षं झाली तरी सेक्शन १०२ म्हटलं की लोकांना कळतं. माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ होते, अंगात जुनी ट्रॅशर्सची जर्सी, कोपरावर ठिगळ लावलेलं आणि ते पण नीट हातानं टाचलेलं. भाच्यानं त्यांना सांगितलं की हे माझे मामा, इंडियातनं आलेत, खास ट्रॅशर्ससाठी. त्या माणसाला पहिल्यांदा खरंच वाटेना. मग त्यांनी जाकिटाच्या खिशातनं एक पक, म्हणजे या हॉकीत बॉलच्या जागी असते ती रबरी चकती, काढला आणि माझ्या हातात दिला. त्या वेळचा, लोगो अर्धा झिजलेला. दिसायला छोटी चकती, तीन इंच रुंद, एक इंच जाड, पण वजन १७० ग्रॅमच्या आसपास, हाताला चांगलं भरतं, म्हणजे क्रिकेटच्या बॉलपेक्षाही जरा जड. मॅचआधी हे पक फ्रीझरमध्ये ठेवतात कारण रबर गरम असलं की ते बर्फावर उड्या मारतं, गोठलेलं असलं की सरळ घसरतं. इतकं घट्ट रबर अंगावर येत असताना माणसं पुढं झेपावतात, हे हातात धरल्यावर कळलं.

दुसऱ्या सीझनला, २००६ मध्ये, टीम कोलोनियल कपच्या, म्हणजे लीगच्या कपाच्या, फायनलला गेली आणि कालामाझू विंग्जकडनं हरली. आणि मग जूनमध्ये पोलिस आले. गॅलांटीसकट २९ जणांवर आरोप. कचऱ्याच्या धंद्यात ठेकेदारांनी गिऱ्हाइकं आपसात वाटून घेतली होती, एकाच्या गिऱ्हाइकाकडं दुसऱ्यानं जायचं नाही, त्यामुळं भाव वरच राहायचे, आणि या सगळ्याला संरक्षण म्हणून जेनोव्हीज नावाच्या माफिया टोळीच्या मॅथ्यू इयानिएलोला दर तिमाहीला ३०,००० डॉलर जायचे. हॉकीचा पण त्यात संबंध होता. लीगची पगाराची मर्यादा टीममागं २,७५,००० डॉलर, आणि इथं खर्च साडेसात लाखांपर्यंत गेल्याचा आरोप, कसा तर खेळाडूंना, काहींच्या बायकांना कचऱ्याच्या कंपन्यांमध्ये कागदोपत्री नोकऱ्या दाखवायच्या, कामावर जायचंच नाही आणि पगार घ्यायचा. गॅलांटीनं २००८ मध्ये गुन्हा कबूल केला आणि ८७ महिन्यांची शिक्षा झाली. टीम मात्र अटकेबरोबरच संपली. निरोपाची मॅच नाही, काही नाही.

यात मला गॅलांटीचं कौतुक अजिबात नाही. जास्तीचा भाव गावातल्याच दुकानदारांनी, हॉटेलवाल्यांनी भरला, आणि त्यांच्यातलेच कितीतरी शनिवारी तिकीट काढून इथं ओरडायला येत असणार, म्हणजे एका टीमसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले. पण म्हणून त्या पब्लिकचं प्रेम खोटं होतं का? शेजारच्या गृहस्थांना मी भाच्यामार्फत हेच विचारलं, जरा घाबरतच. ते बराच वेळ बर्फाकडं बघत राहिले. मग म्हणाले की अटकेची बातमी आली त्या दिवशी त्यांना मालकापेक्षा पुढच्या सीझनच्या तिकिटांची आठवण आली, आणि त्याची त्यांना नंतर लाज वाटली, आणि आता वाटत नाही. पोराला पहिल्यांदा मॅचला त्यांनी इथंच आणलं होतं, या रांगेत.

नंतर इथं बऱ्याच टीम आल्या, मॅड हॅटर्स, व्हेलर्स, टायटन्स, आल्या आणि गेल्या. हॅट ट्रिक्स २०१९ पासून आहेत आणि २०२३ मध्ये त्यांनी लीग जिंकली पण. म्हणजे कप आला गावात शेवटी. तरी त्या रात्री स्टँडमध्ये मी मोजल्या, कचऱ्याच्या डब्याच्या जर्सी घातलेली अकरा माणसं होती, त्यातली दोन तर ट्रॅशर्स बंद पडल्यावर जन्मलेली असावीत.

तिसऱ्या पिरियडला आमच्या समोरच काचेवर दोन गडी येऊन आदळले. काच हलली, आवाज छातीत बसला, आणि एकाची नाकातली वाफ काचेवर उमटली ती हळूहळू पुसट होत गेली. अख्खं १०२ उभं राहिलं. मी पण उभा राहून काय ओरडलो माहितीय, मारऽऽ! मराठीत. आजूबाजूच्या कुणाला काही फरक पडला नाही, सगळ्यांनी तो आपलाच शब्द धरला.

मॅच संपल्यावर गृहस्थांनी विचारलं तुमच्याकडं काय खेळतात. मी मोबाईल काढला आणि शाहू स्टेडियमचा व्हिडिओ लावला, भरलेली गॅलरी, ढोल, झेंडे, गोल झाल्यावर कठड्यावर चढलेली पोरं. त्यांनी चष्मा वर केला, मोबाईल हातात घेतला, एकदा बघितला, परत सुरुवातीपासनं लावायला सांगितला. झाम्बोनी परत बर्फावर आली होती, लोक निघाले होते, आम्ही तिघं तिथंच. मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि विचारलं, यातली तुझी टीम कुठली?