पीकाबू लूप, घोडे आणि माझी छत्री

सप्टेंबरच्या शेवटी अमेरिकेतल्या ब्राइस कॅन्यनला जाऊन आले आणि जो भेटतो तो हूडू, म्हणजे तिथले ते उंच दगडी खांब, कसे होते तेच विचारतो. हूडू भारीच होते, त्यात वादच नाही, पण मला डोळे मिटले की आधी लीद आठवते आणि मग माझ्याकडे कान टवकारून बघणारं एक तपकिरी खेचर.

झालं असं की नवऱ्याला गर्दी नको होती. युटामधल्या ह्या पार्कात आलेले बहुतेक लोक नवाहो लूप नाहीतर क्वीन्स गार्डन ह्या पायवाटा करतात, फोटो काढतात आणि जातात. पीकाबू लूप त्याच दरीत आहे पण चढउतार जास्त, आणि घोड्या-खेचरांच्या राईड्सपण ह्याच वाटेवरून जातात म्हणून लोक जरा टाळतात. कड्यावरच्या ब्राइस पॉइंटवरून खाली उतरून, लूप फिरून परत वर यायचं, एकूण साडेपाच मैल म्हणजे जवळपास ९ किलोमीटर. चढ सगळा मिळून पावणेपाचशे मीटरच्या आसपास. कागदावर वाचताना मला हे काहीच वाटलं नाही. पण वरचा कडाच मुळात २५०० मीटरवर आहे आणि इथे आधी उतरायचं असतं, चढ शेवटी, पाय दमल्यावर. हे गणित माहीत असून पण दर वेळी फसते मी.

सकाळी सव्वासातला निघालो तर थंडीने बोटं बधिर झालेली, आणि दहा वाजता जॅकेट कमरेला. कोरडं वाळवंट, पण उंचावरचं, त्यामुळे हवा गार आणि ऊन मात्र चटके देणारं. म्हणून मी चंदेरी छत्री घेतली होती. नवरा हसला होता तेव्हाच, ऐकायला हवं होतं. वाटेत प्यायचं पाणी कुठेच नाही, म्हणून माणशी तीन लिटर पाणी व्हिजिटर सेंटरलाच भरून घेतलेलं, आणि ते संपलं.

खाली उतरल्यावर लूपच्या सुरुवातीला पाटी आहे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच जायचं. वाट अरुंद, त्यात जनावरं, म्हणून माणसांना एकच दिशा. नियम मला आवडला कारण समोरून येणाऱ्यांना सारखं "तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी" करावं लागत नाही.

आता लीदेबद्दल. तिचा वास पाच मिनिटात नाकात मुरतो, मग काही वाटत नाही. खरा त्रास धुळीचा. खुरांनी तुडवून तुडवून वाटेचं पीठ झालंय, काही ठिकाणी बूट घोट्यापर्यंत आत जातो, आणि त्याखाली गोट्यांसारखे बारीक खडे, उतारावर पाय सर्रकन घसरतो. ह्या पार्कात लोकांना सगळ्यात जास्त होणारी दुखापत घोट्याची, आणि का ते पहिल्या पाऊण तासात कळलं. ज्यांनी साधे गुळगुळीत तळव्याचे बूट घातले होते ते कोंबडीसारखे पाय उचलत चालले होते. वळणांवर ओले खळगे होते, पाऊस तर पडलेला नव्हता, तेव्हा ते कशाचे ते समजून घ्या आणि वळसा घालून जा.

टापांचा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा पुढून येतोय का मागून तेच कळेना, भिंतींवर आपटून तो सगळीकडूनच येतो. मग वळणावर धूळ दिसली. नवरा म्हणाला डोंगराच्या बाजूला सरक. मी म्हणलं अजिबात नाही, उताराच्या बाजूला. कारण मी वाचून आले होते की घोडं बुजलं तर वरच्या दिशेने पळतं आणि डोक्याच्या वर दिसणारं काहीही त्याला शिकारी जनावर वाटतं, म्हणून माणसाने खालच्या अंगाला थांबावं. नवऱ्याने वाचलेलं ग्रँड कॅन्यनचं, तिथे खेचरांसाठी बरोबर उलटं सांगतात, कड्यापासून लांब आतल्या बाजूला उभं राहा आणि शेवटचं खेचर ५० फूट पुढे जाईपर्यंत हलू नका. दोघांचंही बरोबर, आणि दोघंही आपापल्या मताला धरून उभे, तो आत, मी बाहेर, आणि मधे जेमतेम चार फुटांची वाट जिच्यातून दहाबारा जनावरांनी जायचं. वर माझी छत्री उघडी, उन्हात चमचमतेय.

पुढचा रँग्लर, म्हणजे जनावरांची रांग घेऊन जाणारा माणूस, थांबला. ओरडला वगैरे नाही, एकदम शांत आवाजात म्हणाला छत्री हळूच मिटा आणि दोघं एकाच बाजूला या. "हळूच" मला ऐकू आलं पण बोटाला नाही आलं, मी बटण दाबलं आणि छत्री फाट्कन मिटली. दुसऱ्या नंबरचं खेचर आडवं उडालं. वर बसलेल्या आजींनी खोगिराची मूठ घट्ट पकडली म्हणून बरं, मला तर त्या क्षणी जमीन दुभंगावी असं झालं. त्याने दोन शब्दात खेचराला शांत केलं, आम्हाला आतल्या बाजूला यायला सांगितलं, आणि म्हणाला बोलत राहा, काहीही बोला. पाठीवर सॅक घेतलेला माणूस त्यांना माणूस वाटत नाही म्हणे, आवाज ऐकला की ओळख पटते. मला सुचेना काय बोलावं, तर तोंडातून आलं "जा हो बाळा जा, काही नाही करत मी". ते तपकिरी ध्यान कान फिरवत, फुरफुरत माझ्या पोटापासून हातभर अंतरावरून गेलं. आजी मात्र हसत हसत गेल्या, त्यांना शब्द नसेल कळला पण सूर कळला असावा.

म्हणजे कुठल्या बाजूला उभं राहायचं हा वाद घालायचाच नाही. पुढचा रँग्लर सांगेल ती बाजू, आणि सगळ्यांनी एकच. तो काही बोलला नाही तर जिथे पाय घट्ट राहतील तिथे, कड्याच्या टोकावर नाही. दुसरी रांग आली तेव्हा आम्ही शहाण्यासारखे थांबलो, काठ्या खाली, हात स्थिर. पुढे एक मुलगा सभ्यपणा म्हणून चक्क दगडामागे जाऊन उभा राहिला, ते सगळ्यात वाईट, कारण जनावराला दगडाआडून अचानक काहीतरी हललेलं दिसतं. त्यालापण बाहेर यायला सांगितलं. आणि शेवटच्या खेचरामागे लगेच निघू नका, धूळ बसू द्या, नाहीतर अर्धा तास तीच खाल.

ती धूळ बसेपर्यंत वॉल ऑफ विंडोज मनसोक्त बघून झाली. उंच पातळ भिंत आणि तिला आरपार खिडक्या. इथे वर्षातले १५० हून जास्त दिवस असे असतात की रात्री भेगेतलं पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं, गोठताना ते फुगतं आणि दगड फोडतं. भिंतीला खिडकी पडते, खिडकीचं छत कोसळतं, उरलेले खांब म्हणजे हूडू. घोडे आडवे आले नसते तर मी इथे दोन मिनिटं पण थांबले नसते.

परतीच्या चढाबद्दल काय लिहू, दर वीस पावलांवर थांबले. तीनचार तास लागतात म्हणतात, आम्हाला पाच लागले, त्यातला निदान पाऊण तास नुसता रस्ता देण्यात गेला. छत्री सॅकच्या तळाशी होती, टाळू भाजली पण बाहेर काढायची हिंमत नाही झाली.

रात्री मोटेलच्या बाथटबमध्ये बूट धुतले. पहिलं पाणी केशरी निघालं, दुसरं गुलाबी, आणि तिसऱ्यात गवताच्या काड्या. नवऱ्याने दारातून वास घेतला आणि म्हणाला ते बूट गाडीत नाही येणार.