कदमतच्या लगूनमधले गवत

कोचीहून निघालेले जहाज सकाळी लक्षद्वीपमधल्या कदमतसमोर थांबले, तेव्हा बेट म्हणजे क्षितिजावरची माडांची एक हिरवी रेघ एवढेच दिसत होते. जहाज काठापर्यंत येत नाही. भर समुद्रात वरखाली हिंदकळणाऱ्या होडीत, खलाशी हाताला धरून सांगेल त्याच क्षणी पाय टाकावा लागतो. लक्षद्वीपमध्ये बाहेरच्यांना प्रवेशपरवाना लागतो. त्याची कागदपत्रे जमवण्यात आमचे बरेच दिवस गेले होते. उतरल्यावर मात्र बेटाची रुंदी चालत ओलांडायला दहा मिनिटेही पुरली, कारण लांबी नऊ किलोमीटरच्या वर असली तरी सर्वांत रुंद जागीही ते जेमतेम अर्धा किलोमीटर भरते. पश्चिमेला उथळ लगून, म्हणजे बेटालगतचे शांत पाणी, त्यापलीकडे लाटा अडवणारी प्रवाळभिंत आणि तिच्याबाहेर एकदम खोल निळा समुद्र.

स्कूबाची पहिली डुबकी माझ्या कानांनी जवळजवळ वाया घालवली. तीन-चार मीटरवरच डाव्या कानात असा ठणका उठला की, आता वर जावे असे वाटू लागले. प्रशिक्षकाने खुणेनेच थांबवले, मला हातभर वर घेतले, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायला लावले आणि कान मोकळा झाल्यावरच पुढे नेले. बारा मीटरवर पोहोचल्यावर प्रथम जाणवला तो आवाज. समुद्राखाली शांतता असते ही माझी समजूत चुकीची निघाली, कारण पोपटमासे मजबूत चोचींनी प्रवाळावरचे शेवाळ खरवडत होते आणि तो कुरकुर आवाज स्पष्ट ऐकू येत होता. खरवडताना पोटात गेलेला चुना ते बारीक वाळू करून बाहेर टाकतात. ज्या पांढऱ्या किनाऱ्याचे फोटो आम्ही आदल्या संध्याकाळी काढले, त्यातला काही भाग त्यांचाच. भिंतीच्या उतारावर मात्र मोडक्या फांद्यांसारख्या मृत प्रवाळांचे ढीग होते. 1998 मध्ये समुद्र तापून इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले आणि नंतर 2010 व 2016 मध्येही तसेच घडले. त्या ढिगांवर तळहाताएवढे नवे प्रवाळ धरलेले पाहून बरे वाटले, पण मन निर्धास्त झाले नाही.

कासवे पाहायला मात्र सिलिंडर लागतच नाही. लगूनमध्ये नुसता मुखवटा आणि श्वासनळी लावून तरंगताना माझ्या खाली, दोन हातांवर, एक हिरवे कासव चरत होते. मान किंचित वाकडी करून ते पाते तोडायचे, तोडताच वाळूचा लहानसा धुरळा उठायचा, आणि मग पुढचे पाते. सागरी गवत म्हणजे शेवाळ नव्हे. ती मुळे, पाने आणि फुले असलेली खरी वनस्पती आहे. इथे तिची पाती कात्रीने कापल्यासारखी बोटभर उरली होती आणि बऱ्याच जागी नुसती वाळूच होती.

होडीवाल्या काकांनी मोडक्या हिंदीत त्याचा खुलासा केला. पूर्वी लाकडी होड्यांना कासवाचे तेल लावत, त्यासाठी कासवे मारली जात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद झाले. पुढे कासवे वाढली, जवळच्या अगत्ती बेटाच्या लगूनमधले गवत त्यांनी फस्त केले आणि मग कळप दुसऱ्या बेटांकडे सरकले. गवताच्या आडोशाला वाढणारी मासळी गवताबरोबर गेली, अशी काकांची तक्रार होती. गळाने ट्यूना पकडणाऱ्यांना लगूनमधले लहान मासे आमिषासाठी जिवंत लागतात, त्यामुळे हा राग समजण्यासारखा आहे. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना मीही टाळ्या वाजवल्या आहेत. तीच टाळी इथे काकांसमोर वाजवायला मला संकोच वाटला असता. अभ्यासकांच्या मते कासवे खाणारे मोठे शार्क कमी होणे हेही यामागचे एक कारण असू शकते. म्हणजे दोष एकट्या कासवाच्या पाठीवर टाकता येत नाही.

परतीच्या दिवशी काका आम्हाला सामानासह जहाजाकडे नेत होते. लगून ओलांडताना समोर पाण्यातून टक्कल पडल्यासारखे एक डोके वर आले, श्वास घेतला आणि तिथेच राहिले. काका मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटले; सूर कौतुकाचा खासच नव्हता. मग त्यांनी इंजिन बंद केले आणि कासव खाली जाऊन बाजूला होईपर्यंत आमची होडी तशीच तरंगत राहिली.