बोरघाटात गेलेला आणि परत आलेला ब्रेक

घाट उतरताना ब्रेक गेला आणि अर्ध्या तासाने आपोआप परत आला, असे कोणी सांगितले की बहुतेक मेकॅनिक गाडीऐवजी चालवणाऱ्याकडेच संशयाने पाहतात. मुलुंडच्या एका निवृत्त काकांच्या वाट्याला हेच आले. त्यांची मारुती ८०० पंधरा वर्षांची मुदत कधीच ओलांडून, नोंदणीचे नूतनीकरण होऊन अजूनही वापरात आहे आणि तिचे पुढचे ब्रेक पॅड त्यांनी स्वतः सोसायटीच्या आवारात बदललेले होते. लोणावळ्याहून परतताना बोरघाटात पेडल मऊ होत होत जवळजवळ तळाला गेले. काकांनी खालचा गिअर टाकला, हँडब्रेक बेताबेताने ओढला आणि गाडी डोंगराच्या कडेला घेतली. हँडब्रेक तारेवर चालतो, पायाच्या ब्रेकसारखा तेलाच्या दाबावर नाही, हे त्यांना ठाऊक होते म्हणून निभावले. घराजवळच्या गॅरेजवाल्याने पेडल दाबून पाहिले, गल्लीत एक फेरी मारली आणि ब्रेक उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. वर, ‘घरी काम केले की असेच होते,’ हेही ऐकवले.

मीही मेकॅनिकच. हे सारे काकांनी मला फोनवर सांगितले तेव्हा मी एवढेच म्हणालो, “काका, गाडी चालवत आणू नका. मीच येतो.”

सोसायटीच्या सेक्रेटरींनी आवारात दुरुस्ती चालणार नाही असे बजावून पाहिले. ब्रेकचा भरवसा नसलेली गाडी रस्त्यावर काढणे जास्त धोक्याचे आहे हे पटायला त्यांना बराच वेळ लागला. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावून, नुसत्या जॅकवर न विसंबता स्टँड देऊन पुढची बाजू उचलली. चाके काढताच पहिली खूण मिळाली. दोन्ही बाजूंचे पॅड एकाच दिवशी बसवलेले असूनही डावीकडचे उजवीकडच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त झिजले होते आणि डावी डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि पॅड जिला आवळतात ती तबकडी, तापून निळसर पडली होती. म्हणजे डावा ब्रेक सुटतच नव्हता. तेलाच्या दाबाने पिस्टन सरकवून पॅड डिस्कवर आवळणारा कॅलिपर मात्र निर्दोष होता: पिना सहज सरकत होत्या, पिस्टनभोवतीचे रबर शाबूत होते. काकांच्या हातचे काम अनेक गॅरेजांतल्या कामापेक्षा स्वच्छ होते, हे मी मुद्दाम नोंदवतो.

काकांना पेडल जोराने दाबून सोडायला सांगितले आणि हाताने डिस्क फिरवून पाहिली. ती जखडलेलीच राहिली. इथे घाई करणारा माणूस कॅलिपरचे निपल, म्हणजे तेल आणि हवा बाहेर काढायचा स्क्रू, उघडतो, दाब निघून चाक मोकळे होते, आणि दाब नेमका कुठे अडकला होता याचा पुरावा तेलाबरोबर वाहून जातो. मी आधी पेडलकडून येणारी लोखंडी नळी कॅलिपरकडे जाणाऱ्या रबरी होजला, म्हणजे लवचीक नळीला, जिथे मिळते तो जोड सैल केला. जुन्या गाडीत हा नट साध्या पान्याने सोडवायला गेले की त्याचे कोपरे गोल होतात, म्हणून नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा पाना वापरावा लागतो. जोडातून तेल पाझरले, म्हणजे पेडलकडचा दाब निघाला, तरी डिस्क जखडलेलीच. मग निपल उघडले आणि डिस्क लगेच फिरली. दोष पेडलच्या जोराने तेल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा नव्हता आणि कॅलिपरचाही नव्हता. तो त्या दोहोंमधल्या होजमध्ये होता. बाहेरून धडधाकट दिसणारा तो होज नंतर चिरला, तेव्हा आतले रबर फुगून वाट जवळजवळ बुजलेली आढळली. पायाच्या जोराने तेल पुढे रेटले जात होते, पण परतीला तेवढा जोर नसल्यामुळे ते मागे येत नव्हते.

तरीही एवढ्याने पेडल तळाला गेले नसते. निपलमधून आलेले तेल कोऱ्या चहासारखे काळपट होते. ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषते, रबरी होजमधूनही शोषते, आणि मुंबईच्या हवेत आर्द्रतेला तोटा नाही. डॉट ३ प्रकारचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अपेक्षा असते. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात सतत घासणाऱ्या पॅडने कॅलिपर तापवला, तेल उकळले, त्याची वाफ झाली. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली गेले. मास्टर सिलिंडर दुहेरी, म्हणजे दोन स्वतंत्र भागांना तेल देणारा, असल्यामुळे दुसऱ्या भागाचा ब्रेक थोडाफार उरला असावा. गाडी थांबली, वाफ निवून पुन्हा तेल झाले आणि पेडल वर आले. गल्लीतल्या फेरीत काही सापडणे शक्यच नव्हते.

दोन्ही बाजूंचे होज बदलले, सीलबंद बाटल्या फोडून सगळे तेल नवे भरले आणि मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूर असलेल्या मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून नळ्यांत अडकलेली हवा काढली. पेडल दाबायला काकू बसल्या होत्या. “दाबा, धरून ठेवा, सोडा” हे त्यांनी ज्या शिस्तीने पाळले, ती शिस्त मला गॅरेजमधल्या मुलांना शिकवावी लागते.

माझ्या मनातून जात नाही ती वेगळीच गोष्ट. गेल्या काही वर्षांत ही गाडी अनेक गॅरेजांत जाऊन आली होती, आणि काकांनी जपून ठेवलेल्या प्रत्येक बिलात ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ होते. पातळी कमी दिसली की वरून ओतायचे. जुने तेल काढायचे कोणाच्याही मनात आले नाही. घरी काम करणाऱ्याला आपण बेजबाबदार म्हणतो, पण काकांनी जे हाती घेतले ते नीट केले होते आणि जे राहिले ते पैसे घेणाऱ्यांकडून राहिले. तो चिरलेला होज मी त्या गॅरेजवाल्याला नेऊन दाखवला. त्याने तो बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाला, “खरे आहे, पण जे डोळ्यांना दिसत नाही त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.” असे पैसे द्याल का, हे काकांना कोणी विचारलेच नव्हते; मी विचारले, तेव्हा त्यांनी बिल पाहण्याआधीच होकार दिला होता.