गोव्यात जुने व्हिडिओ कॅमेरे शोधताना: टेप मेली तरी चालेल

व्हिडिओ आर्टसाठी जुना ॲनालॉग व्हिडिओ कॅमेरा शोधायला गोव्यात जाणाऱ्यांनी हणजूणचं बुधवारचं फ्ली मार्केट आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार यांच्या भरवशावर राहू नये. एकीकडे कपडे, दागिने. दुसरीकडे मासळी, चोरीस (गोव्याची सॉसेज), केळी, मडकी. दोन्ही हौसेने बघा. कॅमेरे मात्र सापडतात बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंच्या माळ्यावर, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या कपाटात आणि तारवट्यांच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी केलेल्यांच्या, घरी.

आम्ही थिवीला उतरलो, म्हापशात भाड्याची स्कूटर घेतली आणि थेट डिचोली गाठली. तिथल्या एका शूटिंगवाल्या काकांनी पॅनासॉनिकचं खांद्यावरचं व्हीएचएस धूड गोणपाटातून काढलं. "टेप खातो हो तो. चित्र तेवढं येतं," ते ओशाळून म्हणाले. आम्हाला तर तेवढंच हवं होतं.

व्हिडिओ आर्टसाठी लागते लेन्स, तिच्यामागचा सेन्सर आणि पिवळ्या आरसीए जॅकमधून (टीव्हीला जोडायच्या गोल खोबणीतून) बाहेर येणारा जिवंत सिग्नल. गोव्याच्या दमट हवेत आधी जातो तो टेपचा भाग: रबरी पट्टे ढिले पडतात, बुरशी लागलेली कॅसेट लावली की टेप वाचणारे हेड तुंबतात, आतला ओलावा ओळखणारा दव-सेन्सर जागा झाला की कॅमेरा टेप फिरवायलाच नकार देतो. पण सिग्नल बाहेर काढून दुसरीकडे रेकॉर्ड करणार असाल तर यातलं काहीच आडवं येत नाही. उलट, आत कॅसेट असली की बरेच कॅमकॉर्डर स्टँडबायवर पाचेक मिनिटांत आपोआप बंद होतात. रिकामे ठेवले तर चालू राहतात. काही सोनींमध्ये कॅसेट नसताना डेमो सुरू होतो, तो मेन्यूतून बंद करावा. म्हणून मी टेप मेलेला कॅमेराच मागतो, आणि भावही त्याच मुद्द्यावर पाडतो.

खरी निवड आहे ट्यूब की सीसीडी, म्हणजे चित्र टिपायला आत जुनी काचेची नळी आहे की सेन्सरची चिप. ट्यूबवाल्यात उजेडाचा ठसा क्षणभर रेंगाळतो, त्यामुळे हलत्या दिव्यामागे शेपूट राहतं. सीसीडीत प्रखर दिव्यावरून वरपासून खालपर्यंत उभी रेघ पडते. ही तपासणी आम्ही पणजी-बेतीच्या फेरीबोटीत केली. अंधार पडला की मांडवीतल्या कॅसिनो बोटी एवढे दिवे ओततात की सीसीडीची प्रत्येक रेघ उभी राहते, आणि फेरी पुढे सरकताना ट्यूबमध्ये तेच दिवे ओघळत जातात. मला स्वतःला ट्यूब जास्त आवडते, पण तिच्यात जोखीमही जास्त. सूर्याकडे रोखली की कायमचा डाग बसतो. तेव्हा किनाऱ्यावर दिवसा लेन्सला टोपी लावूनच फिरा आणि ठेवतानाही लेन्स खाली करून ठेवू नका.

ट्यूबवाले मिळणं कठीणच. आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलं १९८२ मध्ये, आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती कॅमेऱ्यांत सीसीडीने ट्यूबची जागा घेतली. १९८३ चा सोनीचा बेटामूव्ही, १९८४ चा जेव्हीसीचा जीआर-सी१ हे ट्यूबवरचे. त्याआधीचे कॅमेरे वेगळ्या पोर्टेबल व्हीसीआरला जाड, अनेक पिनांच्या केबलने जोडलेले असत आणि वीजही तिथूनच घेत. तो व्हीसीआर किंवा जुळणारा अडॅप्टर सोबत नसेल तर शोभेची वस्तू म्हणूनच घ्या.

तारवट्यांच्या घरी वेगळी काळजी. जपानहून किंवा अमेरिकेहून आणलेला माल एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीचा असतो: ५२५ ओळी, सेकंदाला जवळपास ३० फ्रेम. आपला पाल ६२५ ओळींचा, २५ फ्रेमचा. एनटीएससी वाईट नाही, पण दोन कॅमेरे व्हिडिओ मिक्सरवर एकत्र आणायचे तर दोन्ही एकाच जातीचे हवेत. कॅमेऱ्याखालची पट्टी वाचा; सोनीच्या मॉडेल क्रमांकाअखेर 'ई' असेल तर पाल.

पिशवीत गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा छोटा मॉनिटर असू द्या. तो १२ व्होल्टवर चालतो, कंपोझिट, म्हणजे त्या पिवळ्या जॅकचा, सिग्नल घेतो आणि बहुतेक पाल-एनटीएससी दोन्ही दाखवतात. शिवाय व्होल्टेज बदलता येणारा पॉवर सप्लाय हवाच, कारण जुनी बॅटरी मेलेलीच असणार. व्होल्टेज आधी कॅमेऱ्यावरच्या पट्टीवर वाचा. मग कॅमेरा निदान पंधरा मिनिटं चालू ठेवा. टेप अडकलेला एखादा कॅमेरा एरर दाखवून बंद होतो, तसला नको. चित्र फटफटीत पांढरं पडत असेल, रंग भटकत असतील, तर कपॅसिटर गळत असण्याची दाट शक्यता. गळत्या कपॅसिटरला मासळीसारखा वास येतो, जो म्हापशाच्या बाजाराजवळ ओळखणं अवघडच! लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे धागे बघा. पुढच्या काचेवर थोडे असतील तर मी चालवून घेतो, आतल्या काचांवर असतील तर नाही. २००२ ते २००४ च्या सुमाराच्या डिजिटल-८ हँडीकॅमकडे वळत असाल तर जास्त वेळ तपासा: त्या काळातल्या काही सीसीडी उष्ण, दमट हवेत बिघडत असल्याचं सोनीने २००५ मध्ये जाहीर केलं होतं.

कॅमेरा त्याचंच चित्र दाखवणाऱ्या टीव्हीकडे रोखून फीडबॅक करायचा असेल तर जुना डबा टीव्हीही शोधा. डिचोलीच्या काकांनी तो आम्हाला फुकटच देऊ केला, पण ट्रेनमध्ये नेणार कसा? पुण्यात अजून भंगारात मिळतो. सिग्नल कॉम्प्युटरवर घेणाऱ्या स्वस्त यूएसबी कॅप्चरवर फार विसंबू नका. सिग्नल मुद्दाम बिघडवला की सिंक (चित्राच्या ओळींचा ताळमेळ) तुटतो आणि चित्र गोठतं किंवा काळं पडतं, म्हणजे नेमकी हवी ती गंमतच गळते. त्यापेक्षा डबा टीव्हीच्या पडद्याचं आजच्या कॅमेऱ्याने शूटिंग करा, पालसाठी शटर १/५० वर ठेवून.

पावसाळ्यात या खरेदीला जाऊ नका, दवामुळे कॅमेऱ्याचा दोष कुठला आणि हवेचा कुठला हे कळत नाही. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, तेव्हा खोल्या महागतात, पण व्हिडिओ आर्ट करणारी माणसं एकाच गावात भेटतात. घेतलेला कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून आणा, आणि घरी आल्यावर एसीच्या खोलीतून एकदम गरम हवेत काढू नका.