आइसलँडमधला हवामानबदल आणि संवादाचा उन्हाळी कोर्स: अनुभव आणि जाणाऱ्यांसाठी सूचना

हवामानबदल आणि संवाद या विषयावरचे परदेशातले अल्पमुदतीचे कोर्स आता बरेच निघाले आहेत, आणि माहितीपत्रकं वाचली तर सगळे सारखेच वाटतात. उन्हाळ्यात आइसलँडमध्ये असा एक कोर्स करून आले. माझं मत आधीच सांगते: विद्यापीठाचं नाव नंतर बघा, वेळापत्रक आधी मागवा. वर्गाबाहेर किती वेळ आहे, आणि तुम्ही लिहिलेलं कोणी तपासून पुन्हा लिहायला लावणार आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे भरू नका.

असं का म्हणते, ते हेलिसहेइदीला कळलं. रेकयाविकपासून साधारण अर्ध्या तासावर हे भूऔष्णिक वीजकेंद्र आहे. जमिनीतून येणाऱ्या वाफेबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइडही वर येतो. कार्बफिक्स या प्रकल्पात तो पाण्यात विरघळवून खोल बसाल्ट खडकात सोडतात. तिथे खडकातल्या कॅल्शियमशी त्याचा संयोग होतो आणि त्याचा दगड बनतो. सुरुवातीच्या प्रयोगात सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत खनिज झाल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. खोदून काढलेला खडकाचा नमुना तिथे बघायला मिळतो. काळा, सच्छिद्र दगड आणि छिद्राछिद्रांत बसलेले पांढरे कण. ते पांढरं म्हणजे एकेकाळचा वायू!

शेजारीच हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढून घेणारं ‘ओर्का’ हे संयंत्र आहे, २०२१ मध्ये सुरू झालेलं. संध्याकाळी आम्हाला या भेटीवर छोटी बातमी लिहायला सांगितली. अर्ध्या जणांनी ‘उपाय सापडला’ अशा सुरात लिहिलं, उरलेल्यांनी ‘सगळा देखावा’ अशा. मग शिक्षिकेने फळ्यावर हिशेब मांडला. ओर्काची नियोजित क्षमता वर्षाला ४,००० टन. जीवाश्म इंधनांमुळे जगभरात होणारं उत्सर्जन वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन. म्हणजे ओर्काचं वर्षभराचं काम हे जगाच्या चार सेकंदांच्याही कमी उत्सर्जनाइतकं. त्याच वेळी वायूचा दगड होतो हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात, वाचणाऱ्याची आशा न मारता आणि त्याला फसवी आशा न दाखवता, कशा बसवायच्या? त्या बातमीचे आम्ही पुन्हा पुन्हा खर्डे केले. पूर्ण कोर्समध्ये मी सगळ्यात जास्त शिकले ते या एका बातमीतून. वर्गातली व्याख्यानं चांगली होती, पण ती घरबसल्याही ऐकता आली असती.

दुसरी मोठी जागा सोल्हेमायोकुल ही हिमनदी. जवळच्या ह्वोल्सवोल्लुर गावातली शाळकरी मुलं २०१० पासून दर वर्षी ही हिमनदी किती मागे सरकली ते मोजतात, आणि त्यांचे आकडे तिथल्या फलकावर लिहिलेले असतात. फलक वाचून पुढे चालू लागलं की पायाखालचं अंतरच बोलायला लागतं. हिमनदीच्या पुढ्यात आता तळं आहे. आलेखासमोर लोक मान डोलावतात. इथे प्रत्येक जण थांबून ‘एवढं?’ असं विचारत होता. सामान्य माणसाला हवामानबदल सांगायचा असेल तर याहून चांगला धडा मला माहीत नाही: मोजणारा माणूस ओळखीचा, जागा ओळखीची आणि आकडा चालून बघता येण्याजोगा.

ओक या हिमनदीची कथा अनेकांना ठाऊक असेल. २०१४ मध्ये तिला हिमनदी म्हणता येणार नाही असं जाहीर झालं आणि २०१९ मध्ये तिथे स्मृतिफलक बसवला. वर जायला नीट आखलेली वाट नाही, आणि तिकडचा कच्चा रस्ता उन्हाळ्यातच खुला असतो. गटाबरोबर जमलं तर जा, एकट्याने नको.

आता कागदपत्रं. आइसलँड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. व्हिसा लागणाऱ्यांना अल्प मुदतीचा व्हिसा पुरतो. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची असली तरी तोवर थांबू नका, कारण अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. हिमनदीवर चालणं त्यात धरलं आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

क्रेडिटचा प्रश्न जाण्याआधी मिटवा. युरोपात क्रेडिट ईसीटीएस या सामाईक पद्धतीने मोजतात; एक ईसीटीएस क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम. अभ्यासक्रमाचा तपशील आणि तासांचा हिशेब आपल्या कॉलेजला आधी दाखवून होकार लेखी घ्या. आमच्या गटातल्या एकीला परतल्यावर हे सगळं जमवताना फार त्रास झाला.

विमानप्रवासाबद्दलही बोललं पाहिजे. हवामानबदल शिकायला एवढं उडून जावं का, हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळू नये. आठवडाभराच्या कोर्ससाठी खंड ओलांडून जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जायचंच तर लांबचा कोर्स घ्या, आणि कमीत कमी टप्प्यांचं विमान निवडा.

सामानात वॉटरप्रूफ जाकीट आणि पँट, घोट्यापर्यंतचे बूट, लोकरी थर आणि डोळ्यांवरची पट्टी घ्या. जूनमध्ये रात्री अंधारच होत नाही. मुलाखती रेकॉर्ड करणार असाल तर माइकवर केसाळ विंडशील्ड हवंच, नाहीतर फक्त वारा ऐकू येतो. बर्फावर गाइड आणि क्रॅम्पॉनशिवाय (बुटांना बांधायचे लोखंडी काटे) पाऊल टाकू नका. निघण्याआधी तिथल्या हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज बघा, पावसाचा नाही. गाडीचं दार वाऱ्याने उलटं फिरतं. आणीबाणीचा नंबर ११२.